स्पीडब्रेकर, साठचा फ्यूज आणि मामा

काही मित्र असे असतात, की त्यांचं पहिलं प्रेम चार चाकांवर असतं. माझा असा एक मित्र आहे. हिंजवडीत आयटी कंपनीत टीम लीड, पगार सॉलिड, लग्नाचा विषय काढला की लगेच 'एक कॉल आहे' म्हणून उठणारा. नाव छापायचं नाही या अटीवर त्याने हे लिहायची परवानगी दिली आहे, म्हणून आपण त्याला हिरो म्हणू.

दीड वर्षापूर्वी हिरोने गाडी घेतली. लाल, दोन दारांची, सेकंडहँड स्पोर्ट्स कार. ब्रँड सांगत नाही, कारण यात ब्रँडचा काही दोष नाही. पहिल्याच आठवड्यात हिरोला कळलं, की ही गाडी आपल्या रस्त्यांसाठी जन्मलेली नाही. सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर आला की खालून 'खर्रर्र' असा आवाज यायचा आणि हिरोचा चेहरा दाढेचं रूट कॅनल चालू असल्यासारखा व्हायचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे चांगला पसरट असावा असं लिहिलंय. आपल्याकडे तो कसा असतो, हे मी तुम्हाला काय सांगू?

यावर हिरोने उपाय शोधला. एअर सस्पेन्शन! बटण दाबलं की गाडी वर, स्पीडब्रेकर गेला की परत खाली. कॉफी शॉपसमोर पार्क करताना तर अशी हळूच बसते, की आजूबाजूचे मोबाइल काढून शूटिंग करतात. पुण्यातल्याच एका दुकानातून त्याने किट बसवून घेतलं. आकडा सांगितला तेव्हा मी मनातल्या मनात माझे चार महिन्यांचे कॉलम मोजले.

दिवेघाट ते सदाशिवनगर

तर झालं असं, की डिसेंबरात माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता, माळशिरसला. मी एसटीने जाणार होते. हिरो म्हणाला, "अगं, एसटी कशाला? पालखी मार्ग आता चांगला झालाय म्हणतात. लाँग ड्राइव्ह होईल." फुकटची लिफ्ट आणि तीही लाल गाडीत, नाही कोण म्हणणार?

दिवेघाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण. ज्ञानोबा माऊलींची पालखी ज्या वाटेने दिवस दिवस चालत जाते, तीच वाट. रुंदीकरणाच्या कामाचं भूमिपूजन नोव्हेंबर 2021 मध्ये झालं आणि आता बरेच पट्टे गुळगुळीत आहेत. पण गाव आलं की ब्रेकर आलाच. त्यात उसाचा सीझन. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, वरती उसाचा डोंगर. आणि आमचा हिरो प्रत्येक ब्रेकरला बटण दाबतोय. फुस्स... गाडी वर. फुस्स... गाडी खाली. नातेपुत्यात चहाला थांबलो तर पोरांनी गराडा घातला. "ओ दादा, अजून एकदा नाचवा की!" हिरोने नाचवली. दोनदा.

नातेपुतं सोडलं आणि मला वास आला. आधी वाटलं, कारखान्याचा असेल. सदाशिवनगरजवळ, जिथे पालखीचं गोल रिंगण होतं आणि माऊलींचा अश्व धावतो त्या भागात, वास वाढला. प्लास्टिक तव्यावर ठेवल्यासारखा. हिरो म्हणाला, "बाहेरून येतोय गं." मी पायाखालच्या कार्पेटला हात लावला. कार्पेट गरम होतं. कोमट नव्हे, गरम!

"गाडी थांबव."

"पण..."

"थांबव म्हणते ना!"

गाडी बाजूला घेतली, बंद केली. आणि यातली खरी घाबरवणारी गोष्ट पुढेच आहे. चावी काढली तरी डिकीतून 'घर्रर्र' आवाज चालूच होता. गाडी बंद, पण आत काहीतरी चालू. मी फोन लावला तो थेट मामांना.

"आधी मायनस काढ"

माझे मामा माळशिरसमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर त्यांचं दुकान. ट्रॅक्टरचे सेल्फ, जीपचे डायनामो, ट्रकचे हेडलाइट यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "बॅटरी कुठं हाय? म्होरं का मागं?" हिरो म्हणाला, "पुढे, बोनेटखाली." मामा म्हणाले, "मग आधी मायनस काढ. प्लसला हात लावू नगंस. पाना बॉडीला लागला तर तिथंच ठिणगी पडंल."

हिरोकडे पाना नव्हता. तीस हजारांचं घड्याळ होतं, पण दहा नंबरचा पाना नव्हता. उसाच्या एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी दिला. मायनस सुटला, घर्रर्र थांबलं. अर्ध्या तासात मामा मोटरसायकलवर हजर. घरात साखरपुडा, अंगात नवा शर्ट, आणि खांद्याला टूलची पिशवी.

कार्पेट उचललं तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. बॅटरीपासून डिकीपर्यंत गेलेली लाल वायर एका जागी काळी पडली होती. वरचं प्लास्टिक मऊ होऊन कार्पेटला चिकटलं होतं. आणि बरोबर त्याच्या खालून पेट्रोलचा पाइप गेलेला. मधे होता तो फक्त गाडीचा पत्रा.

मामा एवढंच म्हणाले, "पावणं, नशीब लई चांगलं हाय तुमचं."

बसला जमतं, मग आपल्याला का नाही?

आता थोडा टेक्निकल फंडा. घाबरू नका, सोपा आहे.

एअर सस्पेन्शन म्हणजे काय, तर लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा. फुग्यात हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. हे नवीन अजिबात नाही. अमेरिकेत कॅडिलॅकने 1957 मध्ये आपल्या एल्डोराडो ब्रोहॅममध्ये हवेचं सस्पेन्शन दिलं होतं. मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये ते 1998 पासून आलं. आणि तुम्ही-मी ते कधीच अनुभवलंय. 2001 मध्ये व्होल्वोच्या बस भारतात आल्या, पुढे दादर-पुणे शिवनेरी झाली, आणि खिडकीला डोकं टेकून घोरता येतं हे आपल्याला पहिल्यांदा समजलं. ते सुख या हवेच्या फुग्यांचंच.

मग फरक कुठे? डिझेल बसला ब्रेकसाठी हवा लागतेच, म्हणून तिच्या इंजिनावरच कॉम्प्रेसर असतो. हवा आयती. कारमध्ये असा कॉम्प्रेसर नाही. म्हणून डिकीत एक टाकी, आणि ती भरायला विजेवर चालणारा कॉम्प्रेसर. हिरोच्या गाडीत तर दोन. तुमच्या कारच्या टायरमध्ये साधारण 30 ते 35 पीएसआय हवा असते. या टाकीत दीडशे ते दोनशे. म्हणजे कॉम्प्रेसरला चांगलाच दम लागतो. आणि तो सगळा दम बॅटरीतून येतो.

मामांनी हिशेब आगपेटीवर लिहिला. हे दोन कॉम्प्रेसर मिळून 40 अँपिअर करंट घेत होते. गाडी चालू असताना 13.8 व्होल्ट धरले तर साडेपाचशे वॉट. म्हणजे आपल्या किचनमधला मिक्सर. पण घरचा मिक्सर 230 व्होल्टवर चालतो, त्याला जेमतेम अडीच अँपिअर पुरतात. गाडीत व्होल्ट कमी, म्हणून तेवढ्याच कामाला करंट सोळा-सतरा पट. आणि वायर गरम होते ती करंटमुळे.

"घरचा हिशेब गाडीत चालत न्हाय," मामा म्हणाले. "हितं वायर जाड लागती."

हिरोच्या गाडीत वायर होती अडीच एमएमची. घरात गीझरला टाकतात तशी. पाच मीटर लांब. अशा वायरमधून 40 अँपिअर गेले, की सुमारे 1.4 व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि 55 वॉटची उष्णता तयार होते. 55 वॉट म्हणजे किती? हेडलाइटचा एक हॅलोजन बल्ब. तो पेटवून कार्पेटखाली गुंडाळून ठेवा. तेच चाललं होतं आमच्या पायाखाली, दिवेघाटापासून.

फ्यूज झोपला होता का?

मला शाळेतलं एवढं आठवत होतं, की अशा वेळी फ्यूज उडतो. मग हा का नाही उडाला?

हिरोने खाली बघत सांगितलं. उडत होता. सुरुवातीला 30 चा फ्यूज होता, पण दर आठवड्याला उडायचा. वैतागून तो दुकानात परत गेला. तिथल्या पोराने 60 चा घातला. "सर, आता टेन्शन नाही!" आणि खरंच, त्यानंतर एकदाही उडाला नाही.

मामांनी कपाळावर हात मारला. "आरं, फ्यूज मशीनला वाचवत न्हाय. वायरला वाचवतो. वायर झेपंल तेवढाच फ्यूज पायजे. त्यो उडत हुता म्हंजी त्यो वरडत हुता. तुमी त्याचं तोंड दाबलं."

मंडळी, हे वाक्य मी तिथेच वहीत लिहून घेतलं.

पुढची तपासणी म्हणजे एक एक धक्का होता. फ्यूज बॅटरीपासून लांब, सीटखाली. म्हणजे बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा उघडा, त्याला कुणाचं संरक्षण नाही. मामांचा नियम, बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज. (हात म्हणजे आपला जुना हात, साधारण दीड फूट. परदेशातले कार ऑडिओवालेही 18 इंचच सांगतात. बघा!) बोनेटमधून आत येताना पत्र्याला भोक पाडलं होतं, पण त्यात रबरी ग्रोमेट नव्हतं. पत्र्याची धार वायरला रोज थोडी थोडी कापत होती. डिकीतली अर्थची वायर रंगावरच बोल्टने आवळलेली. रंगातून करंट जाईल कसा? आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या रिलेला थेट बॅटरीचं कनेक्शन, चावीशी काही संबंधच नाही.

"सकाळी बॅटरी डाऊन व्हती का कधी?" मामांनी विचारलं.

हिरो म्हणाला, "दोनदा. मी नवीन बॅटरी घेतली."

"बॅटरी चांगलीच हुती तुमची. रात्री हवा गळायची, कॉम्प्रेसर चालू व्हायचा. तुमी झोपल्यालं, त्यो जागा."

हवा गळत होती तर! गॅस सिलिंडर तपासतो तसा मामांनी साबणाचा फेस लावला. टाकीच्या एका जोडावर बुडबुडे. आतला नायलॉनचा पाइप तिरका कापला होता, म्हणून नीट बसला नव्हता. मामांनी ब्लेडने सरळ कापला, परत दाबून बसवला. बुडबुडे बंद. म्हणजे सगळं असं होतं: हवा गळते म्हणून टाकी भरत नाही, टाकी भरत नाही म्हणून कॉम्प्रेसर थांबत नाही, तो थांबत नाही म्हणून वायर थंड होत नाही. त्यात नातेपुत्याचा डान्स. एका तिरक्या कापलेल्या पाइपवर आमच्या दोघांचा जीव टांगलेला होता.

ट्रॅक्टरची केबल, स्पोर्ट्स कारला

डिसेंबरातला रविवार, माळशिरस. स्पोर्ट्स कारची वायर कुठे मिळणार? हिरो तर टोइंगवाल्याचा नंबर शोधत होता. मामा हसले. "पावणं, हितं ट्रॅक्टर हायत." ट्रॅक्टरच्या स्टार्टरला लागणारी जाड तांब्याची केबल उसाच्या पट्ट्यात कधीही मिळते. 16 एमएमची सहा मीटर आली, थिंबल आले, स्लीव्ह आली, दोन नवे रिले आले.

दुकानाच्या शटरसमोर दोन तास काम चाललं. नवी केबल, भोकाला ग्रोमेट, बॅटरीपासून हातभरावर फ्यूज. डिकीत केबलचे दोन फाटे. प्रत्येक कॉम्प्रेसरला वेगळा रिले, वेगळा 30 चा फ्यूज. रिलेची बारीक सिग्नलची वायर प्रेशर स्विचमधून फ्यूज बॉक्सला, तीही चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या खाचेत. म्हणजे गाडी बंद तर कॉम्प्रेसर बंद. पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत पत्र्यावर अर्थ. शेवटी मायनस जोडला.

मीटर लावला. केबलमध्ये आता खर्च होत होते जेमतेम 0.2 व्होल्ट. टाकी भरली, कॉम्प्रेसर आपोआप थांबला. अशी शांतता हिरोने स्वतःच्या गाडीत पहिल्यांदा ऐकली असावी.

आणि मेन फ्यूज किती अँपिअरचा माहितीये? 60 चाच! हिरो म्हणाला, "पण मामा, हाच तर चुकीचा होता ना?"

"फ्यूज चुकीचा नव्हता. वायर बारीक हुती. आता जाड हाय, आता 60 चालतोय."

सामान आणि मजुरी धरून बिल झालं, त्यात पुण्यातल्या मॉलमध्ये दोघांचा पिक्चर आणि पॉपकॉर्न होतो. मामा तर मजुरी घेतच नव्हते, "भाचीचा दोस्त" म्हणून. हिरोने बळेच खिशात कोंबली.

वायर जोडली, कागदाचं काय?

साखरपुड्याच्या पंगतीत मामा हिरोच्या शेजारी बसले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "आरसी बुकात हे चढवलंय का?"

हिरोचा घास हातातच राहिला.

मंडळी, हा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला: कंपनीने ज्या स्पेसिफिकेशनने गाडी बनवली, त्याच्या विरुद्ध जाणारा बदल करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किटसारख्या मान्यता असलेल्या गोष्टींची रीतसर वाट आहे. हौसेने आणलेल्या एअर सस्पेन्शनची तशी सोपी वाट नाही. आणि अपघात झालाच, तर विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवू शकते. गाडी कंपनीतूनच एअर सस्पेन्शन घेऊन आली असेल, तर प्रश्न नाही.

मामा म्हणाले, "वायरिंग मी सरळ करून दिलं. कागद मला सरळ करता येत न्हाय."

परतताना हिरो फारसं बोलला नाही. बटणही फार दाबलं नाही. फलटणच्या अलीकडे त्याने विचारलं, "तुला वास आला तेव्हा तू घाबरलीस?"

"नाही. तू 'बाहेरून येतोय' म्हणालास तेव्हा घाबरले."

तो गप्प. मीही. खरं सांगायचं, तर त्याच्यावर चिडायचा हक्क मला किती आहे? गेल्या वर्षभरात माझा स्वतःचा फ्यूज किती वेळा उडाला! पाठ धरली, पेनकिलर. झोप उडाली, अजून एक कॉफी. चिडचिड झाली, 'डेडलाइन आहे ना' म्हणून मोकळी. दर वेळी मीही 30 चा काढून 60 चा घालत होते आणि म्हणत होते, आता टेन्शन नाही. वायर मात्र तीच अडीच एमएमची.

असो. हिरोने जानेवारीत किट काढलं. जुन्या स्प्रिंगा दुकानाच्या माळ्यावर सुदैवाने शिल्लक होत्या. सोसायटीच्या गेटवर आता तो गाडी तिरपी घालून, मुंगीच्या वेगाने, एक एक चाक ब्रेकरवरून नेतो. मागचे हॉर्न मारतात. तो काच खाली करून हात दाखवतो. मामांचा नंबर त्याच्या फोनमध्ये 'मामा' नावानेच सेव्ह आहे.

आणि डिकीत दहा नंबरचा पाना आलाय.

डिकी उघडण्याआधी...

मोठा स्पीकर, जादा लाइट, टायरचा पंप, गाडीत विजेवर चालणारं काहीही नवीन बसवताय? मामांच्या पाच गोष्टी फ्रिजवर चिकटवा:

1. आधी अँपिअर विचारा, मग वायरची जाडी आणि लांबी ठरवा. लांबी वाढली की जाडी वाढवा.
2. फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत, आणि वायरला झेपेल तेवढाच.
3. फ्यूज परत परत उडतोय? मोठा घालू नका. कारण शोधा.
4. जास्त करंटचं काम रिलेवर. रिलेचा सिग्नल चावीवर. अर्थ मोकळ्या पत्र्यावर.
5. काम करताना मायनस आधी काढा, शेवटी जोडा. आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल होत असेल, तर आरटीओत विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि सहावी माझी: वास आला तर 'बाहेरून येतोय' म्हणू नका. थांबा.